सिरियलायझेशन आणि इनहेरिटन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे जवळपास सगळे प्रश्न जावाच्या मूळ सिरियलायझेशनबद्दल आहेत, कारण इनहेरिटन्सचे (एका क्लासची फील्ड्स आणि मेथड दुसऱ्याला वारशाने मिळण्याचे) सर्वांत बारीक नियम तिथेच आहेत. वारसा देणारा क्लास तो पेरेंट, घेणारा तो चाइल्ड. पायथन, सी शार्प आणि जेसॉनचे प्रश्न शेवटी घेतले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच साखळी वापरली आहे. ‘उपकरण’ हा सर्वांत वरचा क्लास, त्याचा चाइल्ड ‘सेन्सर’ आणि त्याचा चाइल्ड ‘तापमानसेन्सर’. उपकरणात क्रमांक आणि नाव आहे, सेन्सरमध्ये एकक, तर तापमानसेन्सरमध्ये शेवटचे वाचन.

१. सिरियलायझेशन म्हणजे काय, आणि त्यात इनहेरिटन्सचा संबंध कुठे येतो?

मेमरीतल्या ऑब्जेक्टची स्थिती बाइट्सच्या ओळीत उतरवायची आणि नंतर त्या ओळीवरून तसाच ऑब्जेक्ट पुन्हा उभा करायचा, हे सिरियलायझेशन. तापमानसेन्सरचा ऑब्जेक्ट आपल्याला एकच दिसतो, पण त्याची फील्ड्स तीन क्लासेसमध्ये विभागलेली असतात. जावा ती एकत्र मिसळत नाही. साखळीतल्या प्रत्येक सिरियलायझेबल (सिरियलायझेशनची परवानगी दिलेल्या) क्लाससाठी स्ट्रीममध्ये, म्हणजे बाइट्सच्या ओळीत, स्वतंत्र कप्पा असतो. हे ‘कप्पे’ नीट डोक्यात बसवा. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

२. पेरेंट सिरियलायझेबल आहे. चाइल्डवर पुन्हा ‘इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल’ लिहावं लागतं का?

नाही. सिरियलायझेबल हा मार्कर इंटरफेस आहे, त्यात एकही मेथड नाही. इंटरफेस वारशाने खाली येतो, त्यामुळे पेरेंटवर लिहिले की खालचे सगळे वंशज सिरियलायझेबल होतात, कोणाला ते नको असले तरी (नको असल्यास प्रश्न १४). म्हणूनच, पुढे इतरांनी एक्स्टेंड करायचा आहे अशा क्लासवर हा इंटरफेस सहज म्हणून लावू नये. एकदा लावला की खालच्या प्रत्येकावर बंधन येते आणि नंतर काढला तर जुन्या फाइली वाचता येत नाहीत.

३. पेरेंट सिरियलायझेबल नाही, चाइल्ड आहे. फाइल वाचल्यावर पेरेंटची फील्ड्स रिकामी का येतात?

कारण पेरेंटला स्ट्रीममध्ये कप्पाच मिळाला नाही. उपकरण साधा क्लास आहे आणि सेन्सर सिरियलायझेबल आहे असे धरा. लिहिताना एकक आणि शेवटचे वाचन जाते, क्रमांक आणि नाव जात नाही. कसलाही एक्सेप्शन येत नाही. वाचताना उपकरणाचा बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि तो क्रमांकात व नावात जे भरेल तेच तुम्हाला दिसते. कन्स्ट्रक्टरने काही भरले नाही, तर क्रमांक ० आणि नाव नल.

ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचणी चाइल्डची फील्ड्स तपासते. लिहून परत वाचलेल्या ऑब्जेक्टची तुलना करताना पेरेंटची फील्ड्सही तपासा.

४. वाचताना ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’ असा एरर येतो. लिहिताना तर काहीच तक्रार नव्हती!

वाचताना जावा साखळीत वर वर जाते आणि पहिला सिरियलायझेबल नसलेला क्लास शोधते. त्याचा बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर चाइल्डला वापरता येईल असा हवा, म्हणजे पब्लिक किंवा प्रोटेक्टेड, किंवा दोन्ही क्लास एकाच पॅकेजमध्ये असतील तर पॅकेजपुरता. तो नसेल किंवा प्रायव्हेट असेल, तर इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतो.

त्रास असा, की ही तपासणी फक्त वाचताना होते. लिहिण्यासाठी कन्स्ट्रक्टर लागतच नाही, त्यामुळे महिनाभर फाइली बिनबोभाट लिहिल्या जातात आणि पहिल्यांदा वाचायला गेल्यावर काम अडते. दिलासा एवढाच, की चाइल्डचा डेटा शाबूत असतो. पेरेंटमध्ये प्रोटेक्टेड बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर घाला, जुन्या फाइली वाचल्या जातील. पेरेंटची फील्ड्स मात्र प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे गेलेली असतात.

५. पेरेंट लायब्ररीतला आहे, बदलता येत नाही. त्याची फील्ड्स कशी वाचवू?

चाइल्डच्या कप्प्यात त्यांना जागा द्या. सेन्सरमध्ये प्रायव्हेट राइटऑब्जेक्ट लिहा. त्यात आधी डिफॉल्टराइटऑब्जेक्ट बोलवा, मग गेटरने क्रमांक घेऊन राइटइंटने लिहा आणि नाव स्ट्रीमच्या राइटऑब्जेक्टने लिहा. (राइटयूटीएफ टाळा. नाव नल असले तर ते कोलमडते, शिवाय त्याला ६५,५३५ बाइट्सची मर्यादा आहे.) रीडऑब्जेक्टमध्ये हाच क्रम पाळा. आधी डिफॉल्टरीडऑब्जेक्ट, मग क्रमांक, मग नाव, आणि सेटरने पेरेंटमध्ये भरा. क्रम उलटला तर स्ट्रीम चुकीच्या जागी वाचली जाते.

पेरेंटला सेटर नसेल किंवा बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर नसेल, तर हा मार्ग बंद आहे. अशा वेळी इनहेरिटन्स सोडा, पेरेंटला ट्रान्झियंट (सिरियलायझेशनमध्ये न लिहिले जाणारे) फील्ड म्हणून आत ठेवा आणि वाचताना हव्या त्या आर्ग्युमेंट्सनी तो नव्याने तयार करा.

६. वाचताना नेमके कोणते कन्स्ट्रक्टर चालतात?

सिरियलायझेबल क्लासचा एकही नाही. पहिल्या सिरियलायझेबल नसलेल्या पेरेंटचा बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि तिथून वर ऑब्जेक्ट क्लासपर्यंत नेहमीप्रमाणे. तिन्ही क्लास सिरियलायझेबल असतील, तर फक्त ऑब्जेक्ट क्लासचा.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिलेल्या तपासण्या, उदाहरणार्थ क्रमांक शून्यापेक्षा मोठा असणे, वाचताना होत नाहीत. त्या रीडऑब्जेक्टमध्ये पुन्हा लिहाव्या लागतात. आणि ट्रान्झियंट फील्डला घोषणेतच दिलेली सुरुवातीची किंमतही लागू होत नाही. ‘ट्रान्झियंट’ लॉक ऑब्जेक्ट घोषणेच्या ओळीतच तयार केला असला तरी वाचल्यावर तो नल असतो.

७. हे कप्पे फाइलमध्ये खरंच दिसतात का?

दिसतात. तापमानसेन्सरचा एक ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहा आणि हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. पहिले चार बाइट्स नेहमी एसी ईडी ०० ०५ असतात. पहिले दोन ओळखचिन्ह, नंतरचे दोन आवृत्ती. पुढे ७३, म्हणजे ऑब्जेक्ट सुरू, आणि ७२, म्हणजे क्लासचे वर्णन सुरू. मग दोन बाइट्समध्ये नावाची लांबी, नाव, ८ बाइट्सचा सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा आकडा), एक बाइट फ्लॅग्जचा, दोन बाइट्स फील्ड्सच्या संख्येचे आणि मग प्रत्येक फील्डचा प्रकार व नाव. ७८ आला की वर्णन संपले. (जावात क्लासचे नाव देवनागरीतही चालते. प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणून पॅकेज नसलेल्या ‘तापमानसेन्सर’ची लांबी ३६ (हेक्समध्ये २४) दिसेल.)

लगेच दुसरा ७२ येतो, तो सेन्सरचा. मग तिसरा, उपकरणाचा. वर आणखी सिरियलायझेबल पेरेंट नसल्याची खूण ७०. म्हणजे वर्णने खालून वर जातात. पण त्यानंतरचा डेटा वरून खाली येतो. आधी क्रमांक आणि नाव, मग एकक, मग शेवटचे वाचन. उपकरणावरचा इंटरफेस काढून हीच फाइल पुन्हा तयार करा. तिसरा ७२ गायब होतो आणि क्रमांकाचे चार बाइट्सही. प्रश्न ३ वाचण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले जास्त टिकते.

८. राइटऑब्जेक्ट प्रायव्हेट का असतं? आणि त्यात ‘सुपर’ला बोलवायचं नाही का?

नाही, आणि बोलवताही येत नाही. प्रायव्हेट असल्यामुळेच चाइल्ड ती मेथड ओव्हरराइड करू शकत नाही, आणि हेच अपेक्षित आहे. जावा साखळीतल्या प्रत्येक क्लासची स्वतःची राइटऑब्जेक्ट वरून खाली क्रमाने शोधून चालवते. ज्याने लिहिली नसेल त्याचा कप्पा आपोआप भरला जातो. डिफॉल्टराइटऑब्जेक्टही फक्त त्याच क्लासच्या फील्ड्सपुरते असते.

ती चुकून पब्लिक किंवा प्रोटेक्टेड लिहिली, तर जावा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि नेहमीच्या संकलनात इशाराही मिळत नाही. जावा १४ पासून असलेले ‘सिरियल’ ॲनोटेशन मेथडवर लावा आणि कंपायलरचे सिरियल लिंट, म्हणजे सिरियलायझेशनच्या चुकांचे इशारे, चालू ठेवा. अलीकडच्या आवृत्त्यांत अशी चूक तिथेच पकडली जाते.

९. पेरेंटच्या रीडऑब्जेक्टमधून मी एक मेथड बोलावतो. ती चाइल्डमध्ये ओव्हरराइड केली आहे, आणि तिथे सगळी फील्ड्स नल दिसतात. का?

कप्पे वरून खाली उघडतात. उपकरणाचे रीडऑब्जेक्ट चालू असताना तापमानसेन्सरचा कप्पा वाचलेलाच नसतो. शेवटचे वाचन फाइलमध्ये आहे, पण ऑब्जेक्टमध्ये अजून ०.० आहे. अशा वेळी ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावली, तर ती अर्धवट ऑब्जेक्टवर चालते. रीडऑब्जेक्टमधून फक्त प्रायव्हेट किंवा फायनल मेथड बोलवा. सगळी साखळी भरून झाल्यावरच काही करायचे असेल, तर रजिस्टरव्हॅलिडेशन वापरा. त्यात दिलेला ऑब्जेक्ट संपूर्ण ग्राफ (एकमेकांना जोडलेले सगळे ऑब्जेक्ट) वाचून झाल्यावर बोलावला जातो.

१०. सिरियलव्हर्जनयूआयडी पेरेंटमध्ये दिला की चाइल्डला पुरतो का?

पुरत नाही. तो प्रत्येक क्लासचा वेगळा असतो आणि वाचताना साखळीतला प्रत्येक सिरियलायझेबल क्लास तपासला जातो, अगदी ॲबस्ट्रॅक्ट पेरेंटसुद्धा. इथे बरेच जण फसतात. तापमानसेन्सरमध्ये आकडा काळजीपूर्वक लिहिलेला असतो, ॲबस्ट्रॅक्ट उपकरणात नसतो. मग कोणीतरी उपकरणात एक पब्लिक मेथड वाढवतो आणि तापमानसेन्सरच्या जुन्या फाइली वाचायच्या थांबतात.

आकडा दिला नाही, तर जावा क्लासचे नाव, मॉडिफायर, इंटरफेस, फील्ड्स, कन्स्ट्रक्टर आणि मेथड यांवरून एसएचए-१ या हॅश पद्धतीने तो काढते. म्हणूनच मेथड वाढवली की आकडा बदलतो. पण या हिशेबात पेरेंटचे नाव नसते! चाइल्डचा पेरेंट बदलला तरी चाइल्डचा आकडा तोच राहतो. साखळीतल्या बदलाची सूचना हा आकडा देईल अशा भरवशावर राहू नका.

साखळीतल्या प्रत्येक क्लासमध्ये प्रायव्हेट स्टॅटिक फायनल लाँग म्हणून १ लिहा. मोठा गूढ आकडा असण्याची गरज नाही.

११. आकडा न देता फाइली लिहून बसलो आहे आणि आता ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ येतंय. डेटा गेला का?

बहुधा नाही. एररच्या संदेशातच क्लासचे नाव आणि दोन आकडे असतात, एक स्ट्रीममधला आणि एक सध्याच्या क्लासचा. स्ट्रीममधला आकडा उचलून नेमक्या त्याच क्लासमध्ये लिहा. संदेशात पेरेंटचे नाव असेल तर पेरेंटमध्ये. जुना संकलित क्लास हाताशी असेल, तर जेडीकेतली ‘सिरियलव्हर’ ही आज्ञा त्याचा आकडा दाखवते. आकडा जुळला म्हणजे वाचायची परवानगी मिळाली, एवढेच. फील्ड्स जुळतात का, हे वेगळे पाहावे लागते (प्रश्न १२).

१२. एक फील्ड चाइल्डमधून पेरेंटमध्ये नेलं. एरर काहीच नाही, पण जुन्या फाइलींतली किंमत नाहीशी झाली.

इनहेरिटन्समधला सर्वांत महागात पडणारा प्रकार हाच. धरा, ‘एकक’ सेन्सरमधून उपकरणात हलवले. जावाच्या दृष्टीने हा नेहमीचा रिफॅक्टर आहे आणि आयडीई एका क्लिकवर तो करून देतो. पण जुन्या फाइलीत ‘एकक’ सेन्सरच्या कप्प्यात आहे. वाचताना सेन्सरला ते नाव सापडत नाही म्हणून किंमत टाकून दिली जाते, आणि उपकरणाच्या कप्प्यात ते नव्हतेच म्हणून तिथे नल राहतो. वाढलेले फील्ड आणि गेलेले फील्ड हे दोन्ही बदल जावा मुकाट्याने चालवून घेते, म्हणून एररही नाही. तो ऑब्जेक्ट पुन्हा सेव्ह झाला की जुनी किंमत कायमची जाते.

उपाय आहे, थोडा वेळखाऊ. सेन्सरमध्ये सिरियलपर्सिस्टंटफील्ड्स हा प्रायव्हेट स्टॅटिक फायनल ॲरे लिहा आणि त्यात ‘एकक’ व सेन्सरची बाकीची सगळी फील्ड्स नावानिशी नोंदवा. राइटऑब्जेक्टमध्ये पुटफील्ड्सने प्रत्येक किंमत भरा, एकक पेरेंटच्या गेटरने घेऊन, आणि शेवटी राइटफील्ड्स बोलवा. इथे डिफॉल्टराइटऑब्जेक्ट चालणार नाही. क्लासमध्ये नसलेले फील्ड नोंदवलेले दिसताच ते इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन देते. रीडऑब्जेक्टमध्ये रीडफील्ड्सने किंमती काढा आणि एकक पेरेंटमध्ये भरा. यामुळे नवा प्रोग्राम जुन्या फाइली वाचतो आणि जुना प्रोग्राम नव्या.

१३. साखळीच्या मधे नवीन क्लास घातला, किंवा एक काढला, तर?

दोन्ही चालते, हरवणाऱ्या डेटाची तयारी असेल तर. काढलेल्या क्लासचा कप्पा वाचून सोडून दिला जातो. नव्या क्लाससाठी जुन्या स्ट्रीममध्ये कप्पाच नसतो, त्यामुळे त्याची फील्ड्स ० किंवा नल राहतात. त्याचे रीडऑब्जेक्टही बोलावले जात नाही. अशा वेळेसाठीच रीडऑब्जेक्टनोडेटा ही मेथड आहे. डीफॉल्ट किंमती तिच्यात भरा. क्लासेसची वर-खाली अदलाबदल मात्र सुसंगत बदलांत मोडत नाही.

एक फसवे उदाहरण : आधी सिरियलायझेबल नसलेल्या उपकरणाला नंतर सिरियलायझेबल केले. आता जुनी फाइल वाचताना उपकरणाचा कन्स्ट्रक्टर चालत नाही (प्रश्न ६) आणि कप्पाही नाही. पूर्वी कन्स्ट्रक्टर नावात ‘अनामिक’ भरत होता, तिथे आता नल येतो. सुधारणा म्हणून केलेला बदल जुन्या डेटाला बाधतो. इथेही उतारा रीडऑब्जेक्टनोडेटाचाच.

१४. पेरेंट सिरियलायझेबल आहे, पण माझ्या चाइल्डला ते नको आहे. बंद कसं करू?

इंटरफेस काढता येत नाही, पण नकार देता येतो. चाइल्डमध्ये प्रायव्हेट राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्ट लिहा आणि दोन्हींतून नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन फेका. फक्त लिहिणे बंद करू नका. बाहेरून तयार केलेले बाइट्स वाचले जाण्याचा धोका राहतो.

१५. पेरेंटमधल्या रीडरिझॉल्व्हमुळे चाइल्ड वाचताना क्लासकास्टएक्सेप्शन येतो.

रीडऑब्जेक्टच्या उलट, रीडरिझॉल्व्ह (वाचलेल्या ऑब्जेक्टऐवजी दुसरा देणारी मेथड) आणि राइटरिप्लेस (लिहायच्या ऑब्जेक्टऐवजी दुसरा देणारी) यांना वारशाचे नेहमीचे नियम लागू होतात. प्रायव्हेट असेल तर ती फक्त त्याच क्लासच्या ऑब्जेक्टसाठी चालते, प्रोटेक्टेड किंवा पब्लिक असेल तर चाइल्डसाठीही. उपकरणातली प्रोटेक्टेड रीडरिझॉल्व्ह नवे उपकरण तयार करून देत असेल, तर फाइलमध्ये तापमानसेन्सर असूनही हातात साधे उपकरण येते, आणि कास्ट फसतो. फायनल क्लासमध्ये ती प्रायव्हेट ठेवा. एक्स्टेंड होणाऱ्या क्लासमध्ये प्रोटेक्टेड ठेवायचीच असेल, तर प्रत्येक चाइल्डने ती ओव्हरराइड करायला हवी.

१६. एक्सटर्नलायझेबल वापरलं तर हे नियम बदलतात का?

पूर्ण बदलतात. कप्पे जातात, सगळी साखळी लिहिण्याची जबाबदारी क्लासवर येते. वाचताना क्लासचा स्वतःचा पब्लिक बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो. राइटएक्सटर्नल ही साधी पब्लिक मेथड असल्याने ती ओव्हरराइड होते, आणि चाइल्डमध्ये सुपरला बोलावणे विसरलात तर पेरेंटचा डेटा लिहिला जात नाही. चाइल्डने ती लिहिलीच नाही, तर पेरेंटचीच चालते आणि चाइल्डची फील्ड्स गुपचूप वगळली जातात.

१७. सगळी साखळी सिरियलायझेबल आहे, तरी नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन येतो.

मग दोष साखळीत नाही, फील्डमध्ये आहे. घोषित प्रकार नव्हे, तर आत प्रत्यक्ष असलेला ऑब्जेक्ट पाहिला जातो. लिस्ट प्रकारच्या फील्डमध्ये ॲरेलिस्ट असेल तर चालते, पण त्याच ॲरेलिस्टची सबलिस्ट ठेवली तर चालत नाही. स्टॅटिक नसलेला इनर क्लासही बाहेरच्या ऑब्जेक्टचा छुपा संदर्भ सोबत ओढतो. कोणते फील्ड अडते हे शोधण्यासाठी ‘सन.आयओ.सिरियलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो’ ही सिस्टिम प्रॉपर्टी ट्रू करून चालवा. संदेशात फील्डपर्यंतची पूर्ण वाट छापून येते.

१८. इनम आणि रेकॉर्ड?

इनमच्या स्थिरांकाचे फक्त नाव लिहिले जाते; त्याची फील्ड्स जात नाहीत. रेकॉर्डला दुसरा क्लास एक्स्टेंड करता येत नाही, त्यामुळे कप्प्यांचा प्रश्न उरत नाही. शिवाय वाचताना रेकॉर्डचा मुख्य कन्स्ट्रक्टर चालतो, म्हणजे तपासण्या आपोआप होतात. फक्त डेटा वाहून न्यायचा असेल, तर रेकॉर्ड निवडा.

१९. वाचून लगेच ‘उपकरण’मध्ये कास्ट करतो. म्हणजे दुसरा कोणताही क्लास आत येऊ शकत नाही ना?

येऊ शकतो. कास्ट होतो तो स्ट्रीमचे रीडऑब्जेक्ट संपल्यावर. तोवर स्ट्रीममध्ये ज्या क्लासचे नाव असेल त्याचा ऑब्जेक्ट तयार होऊन त्याचा कोड चाललेला असतो. बाहेरून आलेले बाइट्स वाचायचेच असतील, तर जावा ९ पासून असलेला ऑब्जेक्टइनपुटफिल्टर लावा, मोजक्या क्लासेसना परवानगी द्या आणि बाकी सगळे नाकारा. परवानगीच्या यादीत सिरियलायझेबल पेरेंट्सही हवेत, कारण त्यांची वर्णनेही फिल्टरमधून जातात. इंटिजरला परवानगी दिली आणि त्याचा पेरेंट नंबर राहिला, म्हणून वाचन अडल्याचे नेहमी दिसते.

२०. पायथन, सी शार्प किंवा जेसॉनमध्येही कप्पे असतात का?

पायथनच्या पिकल या सिरियलायझेशन मॉड्यूलमध्ये नाहीत. साध्या ऑब्जेक्टची सगळी ॲट्रिब्यूट्स एकाच डिक्शनरीत जातात, त्यामुळे ॲट्रिब्यूट चाइल्डमधून पेरेंटमध्ये नेले तरी प्रश्न १२ सारखे काही होत नाही. इनिट, म्हणजे पायथनचा कन्स्ट्रक्टर, इथेही चालत नाही. गेटस्टेट आणि सेटस्टेट मात्र साध्या ओव्हरराइड होणाऱ्या मेथड आहेत, म्हणून सुपरला बोलावणे तुमच्यावर.

सी शार्पमध्ये सिरियलायझेबल हे ॲट्रिब्यूट आहे आणि ते वारशाने मिळत नाही, प्रत्येक क्लासवर लिहावे लागते. ते वापरणारा बायनरीफॉर्मॅटर तर डॉटनेट ९ मध्ये काढून टाकला आहे.

जेसॉनमध्ये अडचण वेगळीच असते. डेटा जातो, पण प्रकार जात नाही. उपकरणांच्या यादीत तापमानसेन्सर होता हे वाचताना कळणार कसे? म्हणून प्रकार सांगणारे एक फील्ड लागते. जावाच्या जॅक्सन लायब्ररीत त्यासाठी जेसॉनटाइपइन्फो व जेसॉनसबटाइप्स आहेत, डॉटनेट ७ पासून जेसॉनडिराइव्ह्डटाइप. त्या फील्डमध्ये स्वतः ठरवलेले छोटे नाव लिहा, क्लासचे पूर्ण नाव नको. पूर्ण नाव लिहिले तर क्लासचे नाव बदलताच जुना डेटा अडतो आणि प्रश्न १९ मधला धोका जेसॉनमध्येही येतो. पेरेंटमध्ये आणि चाइल्डमध्ये एकाच नावाचे फील्ड असेल तर तेही इथे आडवे येते. जावाच्या कप्प्यांत दोन्ही सुखाने राहतात, पण जीसॉन ही जेसॉनची जावा लायब्ररी अशा वेळी थेट एक्सेप्शन देते. तिथे एका फील्डचे जेसॉनमधले नाव ॲनोटेशनने बदलावे लागते.